नर्स एज्युकेटरने क्वालिटी आणि पेशंट सेफ्टीत जायचं कसं?

काही वर्षं स्टाफला शिकवलं की एक गोष्ट हमखास लक्षात येते. क्लासमध्ये औषध देण्याचे सगळे ‘राइट्स’ (योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा वगैरे) घडाघडा म्हणून दाखवणारी सिस्टर रात्रपाळीत रुग्णाचा आयडी बँड न बघता इंजेक्शन देते. तिला माहीत नसतं असं नाही. मग असं का होतं? हा प्रश्न ज्यांना स्वस्थ बसू देत नाही, त्यांनी क्वालिटी आणि पेशंट सेफ्टीकडे जरूर वळावं, असं मला मनापासून वाटतं. मी याच वाटेने आले. कोर्स आधी करायचा की काम, कागद कोणते लागतात, मुलाखतीत काय विचारतात, शिकवण्याच्या कोणत्या सवयी इथे कामी येतात आणि कोणत्या आड येतात, हे एका जागी सांगणारं कुणी भेटत नाही. म्हणून ते क्रमाने लिहिते आहे.

वॉर्डचा अनुभव असलेल्या आणि सध्या ट्रेनिंग सांभाळणाऱ्या सिस्टर आणि ब्रदरसाठी हा लेख आहे. नुकतंच शिक्षण संपवलेल्यांनी मात्र आधी वॉर्डात पुरेसं काम करावं. ज्याने कधी एकट्याने रात्रपाळी काढलेली नाही, त्याचं सेफ्टीवरचं बोलणं स्टाफ ऐकून घेतो, पण मानत नाही.

१. या विभागात दिवसभर काय चालतं ते आधी बघा

बाहेरून बघताना क्वालिटी म्हणजे फायली, ऑडिट आणि इन्स्पेक्शनच्या आधीची धावपळ असंच वाटतं. तेही असतंच. पण कामाचा मोठा भाग वेगळा आहे. वॉर्डातून आलेले इन्सिडेंट रिपोर्ट, म्हणजे चुकांच्या आणि अनपेक्षित घटनांच्या नोंदी, वाचायचे आणि गंभीर घटनांचा तपास करायचा. पडणं, बेडसोर, औषधांच्या चुका, कॅथेटर आणि सेंट्रल लाइनमुळे (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीमुळे) होणारे संसर्ग यांचे आकडे दर महिन्याला काढायचे. मानांकनाच्या, म्हणजे रुग्णालयाला दर्जाची मान्यता देणाऱ्या संस्थेच्या, निकषांप्रमाणे काम चालतं का, हे प्रत्यक्ष वॉर्डात जाऊन तपासायचं. आणि जिथे त्रुटी दिसेल तिथे संबंधित लोकांना सोबत घेऊन पद्धत बदलायची. हे शेवटचं काम सगळ्यात अवघड, आणि एज्युकेटरला सगळ्यात जास्त जमणारं.

शक्य असेल तर तुमच्याच रुग्णालयातल्या क्वालिटी विभागाची परवानगी घेऊन त्यांच्या एखाद्या सेफ्टी कमिटीच्या बैठकीला मागे बसा. काय बोललं जातं यापेक्षा बैठकीनंतर काय होतं, याकडे लक्ष ठेवा. ठरलेली कामं पुढच्या बैठकीत कुणी विचारतं का? त्यावरून विभागाची कुवत कळते.

२. ‘ट्रेनिंग घेऊ’ हे उत्तर सगळ्यात शेवटी द्या

एज्युकेटरसाठी या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, म्हणून इथे थोडं थांबते.

घटना घडली की बैठकीत सगळे आपल्याकडे बघतात आणि आपणही पटकन म्हणतो, “या विषयावर एक सेशन घेऊया.” सही केलेला हजेरीपट फाइलला लागतो, कॅपा (चूक सुधारण्याच्या आणि टाळण्याच्या उपायांची नोंद) बंद होतो, आणि काही महिन्यांनी तीच घटना दुसऱ्या वॉर्डात घडते. ज्ञान कमी होतं म्हणून घटना घडली असेल, तरच ट्रेनिंग उपयोगी पडतं. बहुतेक वेळा ज्ञान असतंच. कमी असतात हात, वेळ, उपकरणं, उजेड, जागा किंवा स्पष्ट सूचना.

अमेरिकेतल्या नॅशनल पेशंट सेफ्टी फाउंडेशनने २०१५ मध्ये तपासाच्या पद्धतीवर एक मार्गदर्शिका काढली. त्यात उपायांची बळकटीप्रमाणे तीन गटांत मांडणी आहे. ती पाठ करून ठेवा:

- कमकुवत उपाय: ट्रेनिंग, नवी पॉलिसी, सूचनांचे फलक, दोघांनी मिळून तपासणं.
- मध्यम उपाय: चेकलिस्ट, सॉफ्टवेअरमधले बदल, कामाचा भार कमी करणं, सारखी दिसणारी औषधं वेगळी करणं, कामात येणारे व्यत्यय कमी करणं.
- बळकट उपाय: चूक करताच येणार नाही अशी रचना, उपकरणांचं एकसारखेपण, कामाच्या पायऱ्या कमी करणं, जागेतले बदल, वरिष्ठांचा प्रत्यक्ष सहभाग.

आपलं अख्खं करिअर पहिल्या गटात बसलेलं आहे, हे बघून वाईट वाटतं. तरीही ते मान्य करूनच पुढे जावं लागतं. तिसऱ्या गटाची उदाहरणं आपल्या ओळखीची आहेत. तीव्र पोटॅशियम क्लोराइडच्या बाटल्या वॉर्डच्या कपाटातून काढून फार्मसीत ठेवल्या की ते पातळ न करता देण्याची चूक वॉर्डात होण्याचा मार्गच बंद होतो. तोंडाने द्यायच्या औषधांची सिरिंज शिरेतल्या लाइनला बसतच नाही. पाठीच्या कण्यातल्या इंजेक्शनांसाठीही आता वेगळे जोड आले आहेत, जे नेहमीच्या ल्युअर जोडात अडकत नाहीत. इथे कुणाच्या स्मरणशक्तीवर काहीच सोडलेलं नाही.

याचा अर्थ शिकवणं फुकट, असा मुळीच नाही. मिशिगनमधल्या आयसीयूंच्या ज्या प्रकल्पाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात स्टाफला शिकवणं होतंच. त्याच्या जोडीला सेंट्रल लाइनचं सगळं सामान एका ट्रॉलीवर आणलं, छोटी चेकलिस्ट दिली, आणि पायरी चुकली तर डॉक्टरला थांबवण्याचा अधिकार सिस्टरला दिला. लाइनमुळे होणाऱ्या रक्तातल्या संसर्गाचं सरासरी प्रमाण दर १००० कॅथेटर-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस लाइन, म्हणजे एक कॅथेटर-दिवस) ७.७ होतं, ते १६ ते १८ महिन्यांनी १.४ वर आलं. शिकवलेलं करता येईल अशी सोय आजूबाजूला उभी केली, म्हणून ते शिकवणं कामी आलं.

सवय म्हणून हे करा: पुढच्या वेळी ट्रेनिंगची मागणी आली की होकार देण्याआधी वॉर्डात जाऊन विचारा, “सगळ्यांना हे नीट येत असतं, तरी हे चुकलं असतं का?” उत्तर ‘हो’ असेल तर तो विषय क्लासरूमचा नाही.

३. पाया पक्का करा, पण वाचनात अडकून पडू नका

खूप वाचायची गरज नाही. एवढं स्वतःच्या शब्दांत समजावता आलं की सुरुवातीला पुरतं:

- आरोग्यसेवेच्या गुणवत्तेचे अभ्यासक डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये मांडलेली रचना, प्रक्रिया आणि परिणाम ही विभागणी. कोणताही निर्देशांक हातात आला की तो यातल्या कुठल्या खणात बसतो, ते सांगता आलं पाहिजे.
- अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा १९९९ चा अहवाल. रुग्णालयांतल्या चुकांमुळे तिथे वर्षाला ४४,००० ते ९८,००० मृत्यू होतात असा अंदाज त्यात होता. पेशंट सेफ्टी हा स्वतंत्र विषय म्हणून जगभर चर्चेत आला, त्यात या अहवालाचा वाटा मोठा आहे.
- मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांचं भोकांच्या चीजचं मॉडेल. प्रत्येक सुरक्षा-कवचाला भोकं असतात आणि ती एका रेषेत आली की इजा रुग्णापर्यंत पोचते.
- जस्ट कल्चर, म्हणजे चुकांकडे न्यायाने बघण्याची पद्धत. अनवधानाने झालेली चूक, धोका न ओळखता घेतलेला शॉर्टकट आणि जाणूनबुजून केलेली बेफिकिरी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या माणसाला धीर द्यायचा, दुसऱ्याला समजावायचं, शिस्तीची कारवाई फक्त तिसऱ्यावर.
- पीडीएसए, म्हणजे आखा, करून बघा, अभ्यासा, बदल पक्का करा किंवा सोडा.

यासोबत जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट आणि हात स्वच्छ करण्याचे पाच क्षण. ही तुम्ही शिकवलीच असतील. आता ती का काम करतात आणि कुठे फसतात, या नजरेने पुन्हा बघा. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत चेकलिस्ट वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. पण जिथे चेकलिस्ट ऑपरेशन संपल्यावर एकदम भरली जाते, तिथे ती नुसता कागद उरते. थिएटरच्या बाहेर उभं राहून हा फरक दिसत नाही, आत जावं लागतं.

४. एक घटना शेवटपर्यंत तपासा

रूट कॉज अ‍ॅनालिसिस, म्हणजे आरसीए, फक्त क्लासमध्ये बसून येत नाही. टीममध्ये मदतनीस म्हणून का होईना, एक तपास सुरुवातीपासून शेवटपर्यंत करा. कसा, ते एका कल्पित घटनेवरून सांगते.

असं समजा, एकाच खोलीत सारख्या आडनावाचे दोन रुग्ण आहेत. रात्रपाळीत एकाचं इन्सुलिन दुसऱ्याला दिलं गेलं. शुगर उतरली, वेळेवर लक्षात आलं, रुग्ण सावरला. रिपोर्टमध्ये कारण लिहिलं आहे: ‘सिस्टरने ओळख पटवली नाही.’ बहुतेक तपास इथेच संपतात आणि त्या सिस्टरला समजपत्र मिळतं.

तुम्ही तिथे थांबू नका. आधी रुग्णाला आणि नातेवाइकांना खरं काय झालं ते सांगितलं गेलं आहे का, याची खात्री करा. मग जागेवर जा, शक्यतो त्याच वेळेला, म्हणजे रात्री. सिस्टरशी बोलताना “का नाही बघितलंस?” असं विचारू नका. “हे काम रोज कसं होतं, मला दाखव,” असं म्हणा. एज्युकेटरने विचारलं की स्टाफ पुस्तकातलं उत्तर देतो, कारण त्यांच्या डोक्यात आपण परीक्षकच असतो. त्यामुळे सुरुवातीलाच सांगा की ही परीक्षा नाही, आणि मग खरंच गप्प राहून बघा. मध्येच दुरुस्त करायचा मोह आवरायला वेळ लागतो.

बघितल्यावर अशा गोष्टी हाती येतील: रुग्णाच्या हाताला सलाइन लावताना बँड कापला होता आणि नवा बांधलाच नव्हता. बँडचा प्रिंटर फक्त अ‍ॅडमिशन काउंटरवर, आणि तो रात्री बंद. दोन खाटांमध्ये औषधांची ट्रॉली जात नाही, म्हणून सिस्टर औषध भरून ट्रेमध्ये घेऊन जाते आणि चार्ट टेबलावरच राहतो. आडनावं सारखी असल्याची खूण कुठेच नाही. त्याच वेळी शेजारच्या खोलीतून बेल वाजत होती.

व्यत्ययाचं महत्त्व कमी लेखू नका. ऑस्ट्रेलियात औषधं देणाऱ्या नर्सेसच्या निरीक्षणाचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक व्यत्ययासोबत क्लिनिकल चुकांचं प्रमाण १२.७ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं.

आता उपाय बघा. मजल्यावर बँडचा प्रिंटर आणि बँड कापणाऱ्यानेच नवा बांधायचा हा नियम. सारख्या आडनावाचे रुग्ण शक्यतो वेगळ्या खोलीत, नाहीतर चार्टवर ठळक खूण. खाटांमधून जाईल अशी अरुंद ट्रॉली. हे सगळं झाल्यावर छोटं ट्रेनिंग, तेही खाटेशेजारी. प्रत्येक उपायाला एक जबाबदार व्यक्ती, एक तारीख आणि एक मोजमाप हवं. इथलं मोजमाप ‘किती जणांना ट्रेनिंग दिलं’ हे नाही. अचानक फेरी मारल्यावर किती रुग्णांच्या हाताला वाचता येईल असा बँड आहे, हे आहे.

इथे तीन सापळे आहेत. पहिला, अहवालात व्यक्तींची नावं लिहिणं. पदं लिहा. दुसरा, ‘पाच वेळा का’ विचारताना एकाच रेषेत जाणं. खऱ्या घटनेला एकच मूळ कधीच नसतं. तिसरा सापळा मला सगळ्यात जास्त बोचतो: ज्या सिस्टरच्या हातून घटना घडली तिला विसरून जाणं. डॉ. अल्बर्ट वू यांनी २००० मध्ये अशा कर्मचाऱ्यांना घटनेचे ‘दुसरे बळी’ म्हटलं. तिची झोप उडालेली असते, ती नोकरी सोडायचा विचार करत असते. तपास चालू असताना तिच्याशी कोण बोलतंय, तिला एकट्याने पुढची रात्रपाळी करावी लागतेय का, हे पहिल्याच दिवशी विचारा.

५. आकड्यांची भीती घालवा

सुरुवातीला संख्याशास्त्राची पदवी लागत नाही. बेरीज, भागाकार, टक्केवारी आणि एक आलेख एवढं पुरतं. पण ते बिनचूक हवं.

मेडिकल वॉर्डात महिन्यात ४ रुग्ण पडले आणि ऑर्थो वॉर्डात ३. कुठे जास्त धोका? मेडिकल वॉर्डचे रुग्ण-दिवस (रोजच्या रुग्णसंख्यांची महिन्याची बेरीज) १६०० असतील तर प्रमाण दर हजारी २.५. ऑर्थोचे ७५० असतील तर दर हजारी ४. नुसत्या संख्येवरून उलटाच निष्कर्ष निघाला असता. त्यामुळे आकडा समोर आला की पहिला प्रश्न छेदाचा: कशापैकी, आणि तो छेद कुणी, कसा मोजला?

दुसरं म्हणजे महिन्या-महिन्याची तुलना करून घाबरू नका आणि शाबासकीही देऊ नका. गेल्या महिन्यात दोन, या महिन्यात चार, म्हणजे दुप्पट वाढ, असं बैठकीत कुणीतरी म्हणतंच. किमान वर्षभराचे बिंदू रन चार्टवर, म्हणजे काळाप्रमाणे आकडे दाखवणाऱ्या आलेखावर, टाका, मधोमध मध्यकाची रेषा काढा. सलग सहा किंवा जास्त बिंदू रेषेच्या एकाच बाजूला आले, किंवा सलग पाच किंवा जास्त बिंदू चढत वा उतरत गेले, तर खरंच काही बदललं आहे असं धरतात. बाकी चढउतार नेहमीचेच.

रिपोर्टची संख्या वाढली म्हणजे सुरक्षितता घसरली, असं समजू नका. स्टाफचा विश्वास बसला की नीअर मिस (थोडक्यात टळलेल्या चुका) आणि छोट्या घटना कळवल्या जाऊ लागतात आणि आकडा फुगतो. हे चांगलं लक्षण आहे. वरिष्ठांना हे आधीच समजावून ठेवा, नाहीतर पहिल्याच तिमाहीत “तुम्ही आल्यापासून घटना वाढल्या” हे ऐकावं लागतं. उलट, हात धुण्याचं ऑडिट सतत १०० टक्के येत असेल तर ऑडिट कसं होतंय ते तपासा. समोर कुणी टिपणं घेत उभं असलं की सगळेच हात धुतात.

६. हातात असलेल्या जागेवर एक छोटा प्रकल्प करा

पद मिळायची वाट बघू नका. एज्युकेटर असतानाच एक वॉर्ड, एक अडचण आणि एकच मोजमाप घेऊन प्रकल्प करा. विषय असा निवडा की जो वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरला स्वतःला खुपतो आहे. तुम्हाला आवडलेला विषय त्यांच्यावर लादला तर तुम्ही पाठ फिरवताच तो बंद पडेल.

शिफ्ट बदलतानाचा हँडओव्हर हा सुरुवातीला चांगला विषय. एसबीएआर (परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यांकन, शिफारस या क्रमाने माहिती देणं) सगळ्यांना शिकवलेलं असतं, तरी माहिती सुटते. आधी काही हँडओव्हर ऐका आणि ठरावीक मुद्द्यांपैकी कोणते सुटतात ते टिपा. हा तुमचा आधीचा आकडा. मग एक बदल करा, उदाहरणार्थ खाटेशेजारी हँडओव्हर, आणि तोही आधी एकाच शिफ्टमध्ये, एकाच सिस्टरसोबत. अडचण येईलच: रुग्णासमोर काही गोष्टी बोलता येत नाहीत, वेळ वाढतो. त्याप्रमाणे पद्धत सुधारा आणि मग दुसऱ्या शिफ्टला न्या. पहिल्याच दिवशी पूर्ण रुग्णालयाला सर्क्युलर काढणं हा नवख्यांचा नेहमीचा सापळा.

आधीचा आकडा न घेता बदल केला, तर नंतर काहीच सिद्ध करता येत नाही. उत्साहात ही पायरी हमखास सुटते.

कर्कपॅट्रिक यांचे मूल्यमापनाचे चार स्तर तुम्हाला माहीत असतील: सेशन आवडलं का, शिकले का, वागणं बदललं का, परिणाम दिसला का. एज्युकेशन विभागाचा हिशेब बहुतेक वेळा पहिल्या दोन स्तरांवरच संपतो. हा प्रकल्प तिसऱ्या आणि चौथ्या स्तरापर्यंत न्या. मुलाखतीत याच एका कामावर बराच वेळ बोलता येतं.

७. कोर्स आणि प्रमाणपत्र

माझा सल्ला: आधी तपास आणि प्रकल्प, मग प्रमाणपत्र. उलट क्रमाने गेलात तरी चालतं, पण परीक्षेतले प्रश्न प्रसंगांवर आधारलेले असतात आणि अनुभव नसेल तर सगळे पर्याय बरोबर वाटतात.

जगभर ओळखली जाणारी दोन प्रमाणपत्रं आहेत. एक सीपीएचक्यू (सर्टिफाइड प्रोफेशनल इन हेल्थकेअर क्वालिटी), जे एनएएचक्यू (नॅशनल असोसिएशन फॉर हेल्थकेअर क्वालिटी) या अमेरिकी संस्थेशी जोडलेलं आहे आणि क्वालिटीचा पूर्ण पट्टा व्यापतं. ते दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, त्यासाठी ३० तासांचं निरंतर शिक्षण दाखवावं लागतं. दुसरं सीपीपीएस (सर्टिफाइड प्रोफेशनल इन पेशंट सेफ्टी), जे फक्त पेशंट सेफ्टीवर आहे आणि ज्याला शिक्षण व अनुभवाची अट आहे. इन्सिडेंट, आरसीए, सेफ्टी कल्चर यात रस असेल तर दुसरं, आणि आकडे, मानांकन, विभाग चालवणं याकडे ओढा असेल तर पहिलं. फी आणि पात्रतेचे नियम बदलत राहतात, ते संस्थेच्या अधिकृत माहितीवरूनच बघा, कोचिंगवाल्यांच्या पत्रकावरून नको.

शिवाय तुमच्या रुग्णालयाला ज्या संस्थेचं मानांकन आहे तिचे निकष मुळातून वाचा. सगळं पुस्तक एका दमात नको. औषधं, ओळख पटवणं, संसर्ग-नियंत्रण आणि घटनांचं व्यवस्थापन ही प्रकरणं आधी.

८. अर्जाची फाइल

हे कागद आधीच एका जागी ठेवा:

- चालू नोंदणीचं आणि पदवीचं प्रमाणपत्र
- अनुभवपत्र, ज्यात फक्त पद नाही तर प्रत्यक्ष जबाबदाऱ्या लिहिलेल्या आहेत. एज्युकेटर असताना ऑडिट, कमिटी किंवा तपासात काम केलं असेल तर तसा उल्लेख मागून घ्या. नोकरी सोडल्यावर तो मिळणं कठीण जातं.
- केलेल्या प्रकल्पाची एका पानाची माहिती: अडचण, आधीचा आकडा, बदल, नंतरचा आकडा, रन चार्ट
- तुम्ही स्वतः बनवलेलं एखादं ऑडिट साधन किंवा कॉम्पिटन्सी चेकलिस्ट
- कोर्सची प्रमाणपत्रं
- तुमचं काम जवळून पाहिलेल्या दोन व्यक्तींची नावं, त्यातली एक शक्यतो वॉर्ड इनचार्ज

एक गोष्ट कटाक्षाने पाळा. जुन्या रुग्णालयाचे इन्सिडेंट रिपोर्ट, आरसीए किंवा रुग्णाची ओळख पटेल असं काहीही फाइलमध्ये ठेवू नका. नमुना दाखवायचाच असेल तर परवानगी घेऊन, सगळी ओळख काढून. गोपनीय अहवाल घेऊन फिरणारी व्यक्ती सेफ्टीच्या पदाला चालत नाही, आणि चालूही नये.

बायोडाटातली भाषाही बदला. ‘विविध विषयांवर सेशन घेतले’ या ओळीतून काहीच कळत नाही. ‘फॉल रिस्क तपासणी अ‍ॅडमिशनच्या वेळीच पूर्ण होण्याचं प्रमाण कितीवरून किती झालं, त्यासाठी काय बदललं’ अशी ओळ लिहा. आकडा छोटा असला तरी खरा असू द्या.

९. मुलाखत, आणि तुम्ही विचारायचे प्रश्न

बहुतेक ठिकाणी एखादा प्रसंग देतात: सर्जनने टाइम-आउटला (चीर देण्याआधी थांबून सगळ्यांनी मिळून करायच्या खात्रीला) नकार दिला, तुम्ही काय कराल? बेडसोर वाढलेत, सुरुवात कुठून कराल? “ट्रेनिंग देईन” हे पहिलं वाक्य नसावं. आधी काय बघाल, कुणाशी बोलाल, कोणता आकडा मागवाल, ते सांगा. बेडसोरच्या प्रश्नात ब्रेडन स्केलचं (बेडसोरचा धोका मोजण्याच्या तक्त्याचं) नाव घेऊन थांबू नका. धोका असलेल्या रुग्णाला प्रत्यक्ष कुशीवर वळवलं जातं का, त्यासाठी हात आणि योग्य गाद्या आहेत का, आणि व्रण घरून घेऊन आलेले रुग्ण वेगळे मोजलेत का, इथपर्यंत जा.

मग तुमची पाळी. पद स्वीकारण्याआधी हे नक्की विचारा:

- मी कुणाला रिपोर्ट करणार? रुग्णालयाच्या प्रमुखापर्यंत थेट पोचता येतं का?
- एज्युकेशनचं जुनं काम माझ्याकडेच राहणार का? ‘दोन्ही सांभाळा’ असं उत्तर आलं तर वेळेची विभागणी लेखी घ्या. नाहीतर दोन पूर्ण नोकऱ्या आणि एक पगार असा प्रकार होतो, आणि रोजची इंडक्शन बॅच क्वालिटीचं काम गिळून टाकते.
- मागच्या गंभीर घटनेनंतर काय बदललं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. “संबंधितांवर कारवाई केली” एवढंच सांगत असतील, तर तिथे स्टाफ घटना लपवत असणार हे धरून चला. जायचं की नाही ते तुमच्या गरजेप्रमाणे ठरवा, पण माहीत असू द्या.

१०. पहिले ९० दिवस

पहिला महिना फक्त फिरा. सगळ्या शिफ्टमध्ये, रात्रीसह. क्लिपबोर्ड नको. लोक तुम्हाला ‘ट्रेनिंगवाल्या मॅडम’ म्हणून ओळखत असतील तर आता तपासायला आल्या असं वाटून गप्प होतात. एकच प्रश्न ठेवा: “पुढच्या रुग्णाला इथे कशामुळे इजा होऊ शकते?” लिफ्टमनला, वॉर्डबॉयला, हाउसकीपिंगच्या मावशींनाही विचारा. ओली फरशी आणि बिघडलेलं कमोडचं हँडल त्यांना आपल्या आधी माहीत असतं.

दुसऱ्या महिन्यात मागच्या वर्षभराचे इन्सिडेंट रिपोर्ट एकत्र वाचा. कुठल्या वॉर्डातून एकही रिपोर्ट नाही, ते बघा. तिथे काहीच घडत नाही असं नसतं. तिथे इनचार्जला भेटा, आधी त्यांची अडचण ऐका. रिपोर्टचा फॉर्म भरायला किती वेळ लागतो तेही स्वतः भरून बघा. चार पानांचा फॉर्म असेल तर ड्यूटी संपल्यावर तो कुणीही भरणार नाही. लहान करून घ्या.

तिसऱ्या महिन्यात एकच बदल पूर्ण करा, असा जो स्टाफला दिसेल आणि ज्यामुळे त्यांचं काम सोपं होईल. तो ज्यांच्या रिपोर्टमुळे सुचला, त्यांची परवानगी घेऊन तसं सांगा. एज्युकेटर म्हणून कमावलेली ओळख इथे उपयोगी पडते: कोणता स्टाफ बोलका आहे, कोण गप्प राहून नीट काम करतं, कुणाचं ऐकून बाकीचे वागतात, हे तुम्हाला बाहेरून आलेल्या माणसापेक्षा जास्त माहीत असतं.

आणि पहिल्या आठवड्यापासून एक साधी वही किंवा तक्ता सुरू करा. त्यात तीन रकाने: कुणी काय कळवलं, आपण काय केलं, कळवणाऱ्याला उत्तर कधी दिलं. तिसरा रकाना दर शुक्रवारी बघा. जो रिकामा असेल त्या वॉर्डात त्याच दिवशी जाऊन, काही झालं नसेल तर ‘अजून झालेलं नाही, कारण हे’ एवढं तरी तोंडाने सांगून या.